संशयावरून हद्दपारी

इ. स. १७२० या एकाच सालात मुंबईच्या इंग्रज कंपनी सरकारने दोन निवाडे केले. एकाने गोव्याच्या आर्चबिशपांच्या अधिकाराखालील पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांस मुंबई बेटातून घालवून दिले. दुसऱ्याने रामा कामती नावाच्या सारस्वत व्यापाऱ्यास राजद्रोही ठरवून जन्मभर तुरुंगात टाकले. पहिला आघात कॅथलिकांवर, दुसरा हिंदूवर. परंतु दोहींच्या वेळी गव्हर्नर एकच, चार्ल्स बून, आणि दोहींच्या मुळाशी भयही एकच होते. समुद्रावर आंग्ऱ्यांचे आरमार, शेजारी वसईस पोर्तुगीजांचे ठाणे, आणि तटाच्या आत कोण आपला व कोण परका याचा निश्चय नाही! अशा समयी पुराव्याची वाट पाहण्यास राज्यकर्ते कंटाळतात आणि संशयासच पुरावा मानू लागतात. या संशयाची किंमत शेवटी कोणी भरली आणि किती वर्षे भरली, याचा हिशेब मांडण्याचा आजचा विचार आहे.

तीनशे वर्षांपूर्वीच्या मुंबईतील पाद्र्यांची कथा खानदेशात कशास, असे जळगाव-धुळ्याच्या पेठांतील आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. परंतु ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे यांनी देह ठेवला व ज्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही जुनी दप्तरे जतन करीत आहे, त्या शहरास तरी जुना कागद हाती आला म्हणजे त्याचे अक्षर, शिक्का व मिती पारखून घ्यावी लागते हे सांगावयास नको. व्यापारी मंडळींस तर ते मुळीच सांगावयास नको. त्यांच्या आजा-पणजांच्या पेढीवर अनोळखी हाताची हुंडी आली असता, सही व निशाणी ताडून पाहिल्यावाचून ती कोणी सकारीत नसे. शंभर रुपयांच्या हुंडीस जी सावधगिरी, ती मनुष्याचे घरदार हिरावून घेणाऱ्या हुकुमास का नसावी, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम मुंबईची पूर्वपीठिका पाहू. हे बेट पोर्तुगीजांनी १६६१ च्या विवाहतहाने इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास दिले. १६६५ मध्ये ते प्रत्यक्ष इंग्रजांच्या ताब्यात आले व १६६८ मध्ये वर्षास दहा पौंड खंडाने राजाने ते कंपनीस देऊन टाकले. तेथील रहिवाशांस आपला रोमन कॅथलिक धर्म मोकळेपणाने पाळता यावा, असे अभिवचन त्या तहातच होते. हे रहिवासी बहुतांशी पोर्तुगालहून आलेले नव्हते. ते येथलेच कोळी, भंडारी, कुणबी. धर्म पालटलेला, पण शेत, होडी व बोली जुनीच. यांच्याच वंशजांनी १८८७ मध्ये ईस्ट इंडियन हे नाव घेतले, आणि त्यांची घरची बोली आजही मराठीच्याच कुळातली आहे.

कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड आँजियर याने या अभिवचनाचे मोल ओळखले होते. ओसाड, रोगट बेटावर व्यापार आणावयाचा तर जो तो आपल्या देवाची पूजा निर्भयपणे करू शकला पाहिजे, हे त्याचे साधे गणित होते. १६७७ मध्ये दीवच्या नीमा पारख नावाच्या वाण्याने आपल्या लोकांसह मुंबईस यावयाचे ठरविले, तेव्हा धर्माच्या बाबतीत आपणांस कोणी उपद्रव देऊ नये, ही अट त्याने आधी लिहून मागितली. जकातीच्या सवलतीइतकेच त्याने या अटीस महत्त्व दिले. १६८७ मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलविले, आणि मुंबई ही पश्चिम किनाऱ्यावरील इंग्रजांची राजधानी झाली. या राजधानीचा पाया अशा वचनांवर रचला गेला होता.

मग हे वचन ढळले कसे? त्यासाठी क्षणभर विलायतेकडे पाहिले पाहिजे. १६८८ मध्ये इंग्लंडात राज्यक्रांती होऊन कॅथलिक राजा दुसरा जेम्स पदच्युत झाला. पुढील साली पार्लमेंटने कायदाच केला की, लंडन व वेस्टमिन्स्टर या नगरांतून आणि त्यांच्या सभोवारच्या दहा मैलांतून कॅथलिकांस, किंबहुना कॅथलिक समजल्या जाणाऱ्यांसही, दूर करावे. ‘समजल्या जाणाऱ्यांस’ हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत. ज्याने काही केले त्यास शासन, हा न्याय झाला. जो तसा आहे असे लोक समजतात त्यास शासन, यास न्याय हे नाव कसे द्यावे? पदच्युत राजाच्या पक्षपात्यांनी १७१५ मध्ये बंड उभारले, तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांच्या मनातील ही भीती नव्याने जागी झाली. त्याच सालच्या डिसेंबरात बून मुंबईस गव्हर्नर होऊन आला.

मुंबईत संशयास खतपाणी घालणारे कारणही घडून गेले होते. १६८९-९० मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूब याने बेटावर उतरून माहीम, माझगाव, शीव ही स्थळे बळकावली व इंग्रजांस किल्ल्यात कोंडले. वांद्र्याच्या जेझुइट पाद्र्यांनी त्यास साह्य केले असा ठपका ठेवून कंपनीने त्यांच्या बेटावरील जमिनी जप्त केल्या. परळ येथील जुना मठही सरकारी झाला. पुढे तेच गव्हर्नरांचे निवासस्थान बनले, आणि १८९९ पासून त्याच वास्तूत हाफकीन यांची प्लेगावरील लशीची प्रयोगशाळा आली. त्या इमारतीने किती धनी पाहिले!

अशा स्थितीत १७२० साल उजाडले. फ्रान्सिस्कन पाद्री गोव्याच्या आर्चबिशपांचे हुकूम मानीत, आणि त्या आर्चबिशपांची नेमणूक पोर्तुगालच्या राजाकडून होई. म्हणून हे पाद्री परक्या राजाचे हस्तक होत, असे सरकारने ठरविले. त्यांस बेटाबाहेर काढण्यात आले व त्यांच्या जागी इटालियन कार्मेलाइट पाद्र्यांस, इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठेची शपथ देववून, चर्चे सोपविण्यात आली. सामान्य कॅथलिक रयतेस मात्र घराबाहेर काढले नाही. मुंबईची हद्दपारी लंडनच्या कायद्याहून सौम्य होती, हे न्यायबुद्धीने म्हटले पाहिजे. परंतु ज्या पाद्र्याने मुलाचे नाव ठेवले, लग्न लावले, बापास मूठमाती दिली, तो एका हुकुमाने नाहीसा झाला असता मागे राहिलेल्या कोळ्याने व भंडाऱ्याने काय समजावे? आपला गुन्हा कोणता, हे त्याला कोणी सांगितले नाही, आणि नवा पाद्री हवा की नको, हेही कोणी विचारले नाही.

यातील विसंगती तर पाहा. पोर्तुगीज पाद्री नको म्हणून घालवून दिले, आणि पुढच्याच साली, १७२१ मध्ये, याच कंपनीने याच पोर्तुगीजांशी हातमिळवणी करून आंग्ऱ्यांच्या कुलाब्यावर स्वारी केली! ती स्वारी फसली. ज्या सत्तेचा पाद्री सहन होत नव्हता, तिची फौज खांद्यास खांदा लावून चालली. धोका खरोखर धर्मात असता, तर तो एका वर्षात मावळला कसा? धोका राजकारणात होता, आणि राजकारणाचा दंड धर्मास बसला.

आता रामा कामतीची गोष्ट. हा पुरुष कंपनीचा जुना सेवक, श्रीमंत व्यापारी, जातीचा पुढारी. वाळकेश्वराच्या देवळाच्या जीर्णोद्धाराशी त्याचे नाव जोडलेले आहे. १७१८ च्या नाताळात मुंबईस इंग्रजांचे पहिले चर्च उघडले, तेव्हा हाच रामा कामती आपल्या जातिबांधवांसह तो समारंभ पाहावयास दाराशी उभा होता. राज्यकर्त्यांविषयी याहून अधिक स्नेह तो काय दाखविणार? परंतु आंग्ऱ्यांविरुद्धच्या मोहिमा एकामागून एक फसत चालल्या, आणि अपयशास कोणीतरी घरभेद्या हवा होता. कान्होजी आंग्ऱ्यांशी गुप्त पत्रव्यवहार केल्याचा आरोप या वृद्धावर आला. पत्रे पुढे करण्यात आली. त्याच्या चाकराच्या अंगठ्यांस लोखंडी चाप आवळून जबानी काढण्यात आली. न्यायाधीशांनी ती ग्राह्य मानली, मालमत्ता जप्त झाली, आणि रामा कामती तुरुंगातच मेला. ती पत्रे बनावट होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघडकीस आले. अक्षर व शिक्का पारखून घेण्याचे जे काम आमच्या पेढीवरील मुनीम रोज करीत असे, ते त्या न्यायसभेस एक दिवस करवले नाही!

या दोन कथा आम्ही हेतुतः शेजारी ठेवल्या आहेत. पाद्र्यांस घालवून दिले तेव्हा मुंबईतील हिंदू व पारशी सावकारांस वाटले असेल की, हा फिरंग्यांचा आपसातला तंटा आहे, आपणांस त्याचे काय? परंतु चौकशीवाचून शासन करण्याचा प्रघात एकदा पडला म्हणजे तो जात विचारीत बसत नाही. त्याच वर्षी तो सारस्वताच्या दारी जाऊन उभा राहिला.

कॅथलिक समाजावर याचा परिणाम काय झाला? तो दोन तट पडून दुभंगला. एक पक्ष गोव्याच्या आर्चबिशपांस मानणारा, दुसरा रोमहून नेमलेल्या कार्मेलाइटांस मानणारा. कंपनीने १७८९ मध्ये चर्चे गोव्याच्या अधिकाराखाली परत दिली. दोन वर्षांत तो निर्णय फिरविला. अखेर १७९४ मध्ये वाटणी केली. माझगाव व दादरची चर्चे एका पक्षास गेली, मुंबई व माहीमची दुसऱ्यास. एकाच गल्लीत, एकाच आळीत, कधी एकाच कुटुंबात दोन निष्ठा नांदू लागल्या. हे दुहेरी अधिकाराचे भांडण पोर्तुगाल व रोम यांच्यामधील १९२८ च्या कराराने मिटले. हिशेब करा: १७२० पासून १९२८ पर्यंत दोनशे आठ वर्षे! गव्हर्नर बून १७२२ मध्ये स्वदेशी निघून गेला. त्याच्या हुकुमाचे व्याज मात्र सात-आठ पिढ्यांनी भरले.

येथे कोणी म्हणेल की, राज्य राखावयाचे तर असे कठोर उपाय योजावेच लागतात. परचक्र दाराशी आले असता सरकारने काय पंचायत भरवीत बसावे? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. पाद्र्यांची निष्ठा खरोखरच दोन ठिकाणी वाटली गेली होती, आणि शेजारच्या सत्तेने नेमलेला मनुष्य तटाच्या आत असणे ही कोणत्याही सरकारास काळजीची गोष्ट होय. परंतु काळजीचे उत्तर चौकशी हे आहे. अमक्या पाद्र्याने अमक्या दिवशी अमके कृत्य केले, असे दाखवा आणि त्यास खुशाल शासन करा. सर्वांस एका दोरीने बांधण्यात सोय आहे, न्याय नाही. आणि सुरक्षिततेचा लाभही दिसत नाही, कारण पाद्री गेल्याने आंग्ऱ्यांचे एकही गलबत कमी झाले नाही.

हा दोष एकट्या इंग्रजांचाही नव्हे. कॅथलिक पोर्तुगालच्या व्हाइसरॉयने १५६० मध्ये गोव्यातून ब्राह्मणांस घालविण्याचा हुकूम काढला होता. दोनशे वर्षांनी, १७५९ मध्ये, त्याच राजसत्तेने आपल्याच धर्माच्या जेझुइटांस गोव्यात पकडून हद्दपार केले. ज्या हत्याराने परधर्मीयांस तोडले, ते फिरून स्वधर्मीयांवर चालले.

याच्या उलट उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी मोठ्या रक्तपातानंतर वसई घेतली. शत्रू कॅथलिक होता, लढाई निकराची होती, आणि गोव्यातील जुलमाच्या आठवणी मराठ्यांच्या मनात जाग्या होत्या. तरीही शरणागतीच्या अटींत, ज्यांस जावयाचे त्यांस चीजवस्तूंसह जाण्याची मुभा आणि जे राहतील त्यांस स्वधर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली. युरोपीय पाद्री गेले, पण येथल्या रयतेतील ख्रिस्ती व देशी पाद्री मागे राहिले. पुष्कळ चर्चे पुढे ओस पडली हे खरे, आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्या मोहिमेची लूट म्हणूनच आजवर सांगितली जाते. मराठ्यांचे राज्य रामराज्य होते, असे आमचे म्हणणे नाही. तथापि वसईच्या आसपासचा ख्रिस्ती शेतकरी आजही आपल्या वाडीत केळी व पानवेली लावीत आहे, याचे श्रेय त्या अटींस थोडेतरी दिले पाहिजे. पराजित राजा निराळा आणि त्याच्या धर्माची रयत निराळी, एवढा विवेक विजेत्याने ठेवला.

हा विवेक मुंबई सरकारास दोनशे वर्षांनीही साधला नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले, तेव्हा मुंबई व पुणे इलाख्यातील कॅथलिक कार्य शंभरावर जर्मन जेझुइटांच्या हाती होते. मुंबईचे १८६९ मध्ये स्थापन झालेले सेंट झेव्हियर कॉलेज त्यांनीच वाढविले. त्यांतील कित्येकांस अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत कोंडले गेले, आणि पुढे १९१५-१६ च्या सुमारास ‘गोळकोंडा’ इत्यादी जहाजांतून मायदेशी रवाना करण्यात आले. कोणी तोफ डागली नव्हती, कोणी हेरगिरी केल्याचे न्यायालयात सिद्ध झाले नव्हते. जर्मन असणे एवढाच अपराध! युद्धकाळी शत्रुराष्ट्राच्या प्रजाजनांस नजरकैदेत ठेवण्याची रीत सर्वच राष्ट्रांनी पाळली, हे मान्य. परंतु शिक्षक गेल्याने वर्ग ओस पडले, याचा तोटा बर्लिनला झाला नाही. तो येथल्या विद्यार्थ्यांस झाला. ती पोकळी पुढे १९२२ पासून स्पॅनिश जेझुइटांनी भरून काढू लागले. त्याच साली आलेल्या फादर हेन्री हेरास यांनी १९२६ मध्ये मुंबईस इतिहास संशोधनाची संस्था काढून येथल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या तयार केल्या. परका पाद्री म्हणजे परकी फौज, हे समीकरण किती फोल आहे, याचा हा जिवंत दाखला होय.

येथवर इतिहास झाला. आता आपल्या दाराशी येऊ. मनुष्यास शहराबाहेर काढण्याचा अधिकार आजच्या लोकशाही राज्यातही शिल्लक आहे. त्यास आपण तडीपारी म्हणतो. १९५१ च्या पोलीस अधिनियमान्वये पोलीस आयुक्त, जिल्हादंडाधिकारी किंवा प्रांत यांस तो वापरता येतो. परंतु त्यावर मर्यादा आहेत, आणि त्या प्रत्येक नागरिकास तोंडपाठ असाव्यात. आरोपांचे सामान्य स्वरूप लेखी कळविले पाहिजे, उत्तर देण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, मुदत दोन वर्षांपलीकडे नसावी, आणि हुकुमावर राज्य सरकारकडे अपील करता येते. जालना जिल्ह्यातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये बजावले की, तडीपारी हा नित्याचा उपाय नव्हे. तिने मनुष्य आपल्या घरास व उपजीविकेस मुकतो, म्हणून ती अपवादानेच वापरावी. १७२० च्या मुंबईत पाद्र्यांस व रामा कामतीस यातील एकही आधार नव्हता. हे आधार आज आहेत ते निद्रिस्त नागरिकांमुळे टिकणारे नव्हेत. निवडणूक आली, सण आला की तडीपारीच्या याद्या निघतात. त्यांतील प्रत्येक नावापुढे त्या माणसाचे कृत्य लिहिलेले आहे की केवळ त्याची वस्ती व जात लिहिलेली आहे, हे वकीलवर्गाने व वृत्तपत्रांनी विचारीत राहिले पाहिजे.

सरकारच्या संशयास निदान कायद्याचा लगाम आहे; समाजाच्या संशयास तोही नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातील मढीच्या ग्रामसभेने, कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान दुकानदारांस दुकाने लावू देऊ नयेत, असा ठराव केला. एखाद्या दुकानदाराने माप मारले असेल, दंगा केला असेल, तर त्याचे नाव घ्यावे. संपूर्ण जमातीस बाजाराबाहेर काढणे हा बूनचाच मार्ग होय. आणि आमच्या खानदेशाने तर याहून भयंकर प्रकार पाहिला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांस जमावाने ठार मारले. मोबाइलवर फिरलेल्या त्या मजकुरास ना अक्षर होते, ना सही, ना मिती. तो बनावट होता हे कळेपर्यंत पाच प्रेते पडली होती. रामा कामतीच्या खटल्यास निदान काही दिवस तरी लागले होते!

म्हणून आमचे सांगणे थोडकेच आहे. अधिकाऱ्यांनी हद्दपारीचा हुकूम काढताना नाव, कृत्य व कारण स्पष्ट लिहावे. नगरपालिका, ग्रामसभा व व्यापारी संघ यांनी कोणत्याही जमातीस बाजारातून वर्ज्य करणारा ठराव पटलावर येऊच देऊ नये. आणि आमच्या व्यापारी बंधूंनी, ज्यांच्या शब्दास पेठेत वजन आहे, परक्यावरील अफवा कानी येताच ती हुंडीप्रमाणे परत करावी: सही कोणाची, साक्ष कोणाची, आधी दाखवा. नीमा पारखाने मुंबईस येण्यापूर्वी जी अट लिहून मागितली, तीच अट आज आपल्या बाजारात नव्याने येणारा प्रत्येक मनुष्य मनातल्या मनात मागत असतो. ती आपण पाळतो की नाही, यावरच जळगावच्या व धुळ्याच्या पेठेची पत ठरेल. बनावट हुंडी सकारणारी पेढी बुडते, तर बनावट संशय सकारणारे शहर किती दिवस तरेल?